पंडिता रमाबाई व पोरकी मुले

आमच्या मंडळ्यांतील लहानथोरांनी पंडिता रमाबाईंचे नाव ऐकले नाही असे क्वचितच असेल. पांढरे पातळ नेसलेल्या, केस आखूड कापलेल्या त्या बाईंचे चित्र कित्येक घरांच्या भिंतीवर आहे. त्यांची विद्वत्ता, त्यांचे ख्रिस्ताकडे येणे आणि त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर यांविषयी आमच्या उपदेशकांनी पुष्कळ सांगितले आहे. त्यांच्या चरित्राची एक बाजू मात्र आम्ही गावकऱ्यांपुढे फारशी मांडलेली नाही. ज्या मुलांचे आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, अशी परक्यांची मुले घरी आणून वाढविण्याचे काम रमाबाईंनी केले. ते करताना आश्रय कोठे संपतो आणि जबरी कोठे सुरू होते, हा प्रश्न त्यांच्यापुढे वारंवार उभा राहिला. तो प्रश्न आजही आमच्या दारी आहे. म्हणून त्या बाजूने हे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे संस्कृत पंडित होते. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांस स्वजातीच्या शास्त्र्यांस जाब द्यावा लागला, आणि मग ते रानात जाऊन राहिले. रमाबाईंस मूळाक्षरांपासून पुराणांपर्यंत सर्व विद्या आईच्या तोंडून मिळाली. पुढे कर्जामुळे हे कुटुंब घराबाहेर पडले. क्षेत्रोक्षेत्री हिंडावे, देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे, पुढ्यात पडेल त्या शिध्यावर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम झाला.

त्यानंतर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पंडिताचे घराणे, अंगमेहनतीची सवय नाही, मागण्याची लाज वाटे. साठविलेला पैसा संपला, भांडी गेली, वस्त्रे गेली, आणि शेवटी रानातल्या पाल्यावर दिवस काढावे लागले. 1874 साली वडील गेले. काही आठवड्यांनी आई गेली. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. त्यांचा बंधू श्रीनिवास व त्या अशी दोघेच उरली, आणि पायी, उपाशी, हजारो मैल उत्तरेकडे चालत गेली. दुष्काळातल्या पोरक्या मुलांविषयी पुढे रमाबाईंनी जे केले, ते ऐकीव माहितीवर केलेले नव्हते. त्या स्वतः तशाच पोरक्यांपैकी एक होत्या.

याच दशकात आमच्या सोलापूर जिल्ह्यासही दुष्काळाने गाठले. 1876 ते 1878 चा तो दुष्काळ दख्खनच्या मोठ्या दुष्काळांपैकी होता. पंढरपुरास टाकून दिलेल्या व पोरक्या मुलांसाठी लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने व प्रार्थनासमाजाच्या आश्रयाखाली त्या काळी बालकाश्रम निघाला. वाळवंटात सापडलेली अर्भके, विधवांनी लोकलाजेस्तव सोडून दिलेली मुले यांस तेथे आसरा मिळू लागला. ख्रिस्ती लोकांनीच अनाथांस जवळ केले असे कोणी म्हणतो तेव्हा आम्ही त्यास पंढरपूरची ही गोष्ट सांगतो. दयेवर कोणत्याही एका धर्माचा मक्ता नाही.

1878 साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. 1880 साली बंधू वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाबू बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. त्यामुळे हा विवाह दोन्हीकडच्या लोकांस मान्य झाला नाही. 1881 साली मनोरमा नावाची मुलगी झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीस पटकी होऊन मरण आले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर लहान मूल, माहेर नाही, सासरचा आधार नाही. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे साक्ष देऊन हिंदी स्त्रियांस स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मिळाव्यात अशी मागणी केली.

1883 साली त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. त्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. ज्या स्त्रीस समाजाने उंबऱ्याबाहेर काढले तिला आत घेऊन, तिच्याशी प्रेमाने वागून पुन्हा उभी करतात, हे रमाबाईंनी तेथे प्रथम पाहिले. आपल्याकडे अशा स्त्रीस शिक्षाच मिळते, ही गोष्ट त्यांच्या मनास फार लागली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

यानंतरची एक हकीकत आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकवू व शिकू लागल्या, आणि मनोरमा काही काळ वाँटेजच्या भगिनींपाशी राहिली. भगिनींचे मुलीवर प्रेम होते. तिचे खाणे, कपडे, दुखणेखुपणे त्यांनी मायेने पाहिले. परंतु मुलीस धर्माचे शिक्षण कोणी व कसे द्यावे यावर वाद पडला. जी मते स्वतः रमाबाईंस अद्याप पटलेली नव्हती ती आपल्या मुलीच्या गळी उतरवू नयेत असे त्यांचे म्हणणे होते. भगिनींस वाटे की ही बाई नवीनच विश्वासात आलेली आहे, हिला मार्ग दाखविणे हे आपले कर्तव्य आहे, आणि मुलीचे हित आपण अधिक जाणतो. पत्रांवर पत्रे गेली. रमाबाईंनी उपकारांची आठवण कधी सोडली नाही, पण माता म्हणून व आपल्या सदसद्विवेकाची धनीण म्हणून असलेला हक्कही सोडला नाही.

प्रिय वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पोराला अन्न दिले म्हणून त्याचे मन आपल्या मालकीचे होत नाही, हे रमाबाई आश्रय देणारी म्हणून शिकल्या नाहीत. आश्रय घेणारी आई म्हणून शिकल्या.

1886 साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या व अडीच-पावणेतीन वर्षे तेथे राहिल्या. बालोद्यान पद्धतीने लहान मुलांस कसे शिकवावे याचा त्यांनी अभ्यास केला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाने तेथील लोकांस जागे केले. 1887 च्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन निघाली आणि विधवांच्या शाळेस दहा वर्षे खर्च पुरविण्याचे तिने कबूल केले. शाळेत धर्माचा उपदेश सक्तीने होणार नाही, ज्या मुलीस आपला आचार पाळावयाचा असेल तिला तो पाळता येईल, अशी मूळ बोली होती.

त्याप्रमाणे 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. 1890 च्या अखेरीस सदन पुण्यास आले. ब्राह्मण मुलींसाठी स्वयंपाक वेगळा, सोवळे वेगळे. पण बाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थनेस बसत तेव्हा दार लावून घेत नसत. मनोरमा व बाई प्रार्थना करीत. ज्या मुलीस वाटेल ती येऊन बसे, जिला वाटणार नाही ती आपल्या कामास जाई. हळूहळू बसणाऱ्यांची संख्या वाढली.

यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. 1893 साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर वगैरे सल्लागार मंडळींनी सदनाशी असलेला संबंध तोडला, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. आमच्या जुन्या लेखकांनी ही गोष्ट सांगताना टीकाकारांस केवळ शत्रू ठरविले आहे. आम्हांस तसे करवत नाही. रानडे व भांडारकर हे रमाबाईंचे हितचिंतक होते. त्यांची शंका अशी की, सज्ञान माणसाची निवड निराळी आणि ज्या मुलीचे अन्न, वस्त्र, निजणे, शिकणे सर्व एकाच हातात आहे तिची निवड निराळी. ज्या बाईने आपणांस जीवदान दिले तिच्या खोलीचे दार उघडे असता आपण बाहेर राहावे, हे बारा-चौदा वर्षांच्या मुलीस किती सोपे आहे? ही शंका पोकळ नव्हती.

त्याचबरोबर रमाबाईंची बाजूही आम्ही सांगितली पाहिजे. त्यांनी कोणा मुलीस प्रार्थनेस बोलावले नाही व न आलेलीस वेगळी वागणूक दिली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, आपल्याच घरात आपला देव लपवून ठेवणे त्यांस शक्य नाही. अमेरिकेतील मंडळाने चौकशी करून त्यांच्यावरचा विश्वास कायम ठेवला. ज्या मुलींस पालक न्यावयास आले त्यांस बाईंनी कोंडून ठेविले नाही, त्या गेल्या. हे दुःख त्यांनी सोसले. आमच्या मते या प्रकरणातील मोठेपणा येथेच आहे. बोर्डिंग चालविणाऱ्याची परीक्षा मूल आत येते तेव्हा होत नाही, ते बाहेर जाऊ पाहते तेव्हा होते.

अमेरिकेची दहा वर्षांची मुदत 1898 साली संपणार होती. पुढची तरतूद म्हणून बाईंनी पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लाविली होती. इतक्यात 1896 चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात लोक मरत आहेत हे ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. सरकारने उघडलेली कंगालखाने व मदतीच्या कामांवरील छावण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. तेथे अन्न अपुरे, आजारी व धडधाकट एकत्र, आणि तरुण मुलींवर मुकादम व राखणदार यांचीच वाईट नजर. गाव सोडून पोटासाठी निघालेल्या मुलींस फसवून नेणारे लोक स्टेशनांवर व रस्त्यांवर फिरत असत. ज्या छत्राखाली रक्षण व्हावयाचे तेथेच भक्षण होत होते. वीस वर्षांपूर्वी आपणही अशाच मुली होतो ही आठवण त्यांस झाली असल्यास नवल नाही. तीनशे मुली आणण्याचा त्यांनी संकल्प केला व तो सिद्धीस नेला.

त्याच वेळी, 1897 च्या आरंभी, पुण्यात प्लेग माजला. नव्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा त्यांस केडगावच्या मोकळ्या शेतात नेऊन तंबूंत व गवताच्या झोपड्यांत ठेवावे लागले. येणेप्रमाणे मुक्तिसदनाचा आरंभ झाला. पुढे 1898 साली पक्क्या इमारतीचा पाया घातला गेला.

प्लेगाच्या त्या दिवसांत सरकारने जे उपाय केले ते लोकांच्या जिवासाठीच होते. पण ते शिपायांच्या हातून व बळजबरीने झाले. घरे तपासणे, रोग्यास ओढून इस्पितळात नेणे, शेजाऱ्यांस छावणीत कोंडणे हा प्रकार चालला. शारदासदनातील एक तरुण मुलगी अशीच प्लेगाच्या इस्पितळात गेली आणि बाईंस परत मिळाली नाही. तरुण स्त्रियांची तेथे नीट राखण होत नाही असे रमाबाईंनी बाँबे गार्डियन या ख्रिस्ती पत्रात उघडपणे लिहिले. गोष्ट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली. मुंबईच्या गव्हर्नरांनी बाईंचे म्हणणे चुकीचे ठरविले. सरकारचा रोष पत्करणे म्हणजे आपल्या शेकडो मुलींचा आसरा धोक्यात घालणे, हे बाईंस कळत होते. तरीही एका मुलीसाठी त्या बोलल्या व बोललेले मागे घेतले नाही. शेकडोंच्या मेळ्यात एक हरवली तर चालेल असे ज्या संस्थाचालकास वाटू लागते त्याने आपली गादी सोडावी हे बरे. हरवलेल्या मेंढरासाठी नव्याण्णव सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आम्ही दर वर्षी सांगतो. ती आचरणात कशी दिसते हे येथे पाहावे.

1899-1900 सालचा दुष्काळ त्याहून भयंकर झाला. गुजरात, राजपुताना, मध्य हिंदुस्थान सारे होरपळले. दख्खनही सुटले नाही; सोलापूर व नगर जिल्ह्यांत आमच्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा व बोर्डिंगे दुष्काळी मुलांनी भरून गेली, आणि आज आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांचे मूळपुरुष त्या मुलांतलेच आहेत. रमाबाईंनी आपल्या शिकविलेल्या स्त्रियांस गावोगाव पाठविले. मुली गाड्या भरभरून केडगावास येऊ लागल्या. थोड्याच काळात तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आलेल्यांपैकी पुष्कळ मुली हाडांचे सापळे होत्या. कित्येक अंथरुणावरून उठल्याच नाहीत.

दोन हजार जणींचा संसार एका बाईने कसा चालविला? विहिरी खणल्या. शेती, दुभती जनावरे, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना असे धंदे काढले, आणि कामे बहुतेक मुलींनीच केली. मुलींचे गट पाडून प्रत्येक गटावर मोठी मुलगी किंवा बाई नेमली. जिने स्वतः आसरा घेतला तीच नव्या आलेलीची आई होई. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले बीज येथे रुजले. लहान मुलांस सदानंदसदन झाले. आंधळ्या मुलींसाठीही घर झाले, आणि मनोरमाबाईंनी त्यांस उठावाच्या अक्षरांवर बोटे फिरवून वाचावयास शिकविले. ज्या आंधळ्या पोरीस दारोदार भीक मागण्यावाचून गती नव्हती ती दुसरीस शिकवू लागली, हे लोकांनी पाहिले. 1905 साली तेथे आत्मिक जागृती झाली. तिची वार्ता देशोदेशी पोहोचली.

येथे आम्हांस एक कठीण गोष्ट लिहिणे भाग आहे. इतक्या मोठ्या वस्तीत घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, घंटेवर प्रार्थनेस बसणे हे आले. पुण्याच्या शारदासदनात जसे सोवळेओवळे वेगळे राखले जाई, तसे केडगावास राहिले नाही. मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. आलेल्या मुलींपैकी पुष्कळांस विचारावयास पालकच नव्हते, आणि शेकडो मुलींचे बाप्तिस्मे झाले. त्यांपैकी किती जणींनी समजून उमजून ते पाऊल टाकले आणि किती जणी मैत्रिणींच्या मागे गेल्या, हे देव जाणे. बाईंची माया खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु 1893 साली रानड्यांच्या मनात आलेला प्रश्न केडगावास विचारणारे कोणी उरले नव्हते, एवढे आम्ही म्हणतो. ज्यांच्यावर जाब विचारणारे कोणी नाही अशांनी स्वतःस अधिक कडक जाब विचारावा.

आता केडगाव सोडून क्षणभर आपल्या सोलापुराकडे वळू. रमाबाई दुष्काळी मुली गोळा करीत होत्या त्याच वर्षी, 1897 साली, सरकारने गुन्हेगार जमातींच्या कायद्यात भर घातली. मूळ कायदा 1871 चा. त्याने कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. नवीन कलमाने अशा जमातींची चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याची मुभा दिली. 1911 च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात वसाहती वसविण्यात आल्या. त्यांतील एक मोठी वसाहत सोलापुरास, गिरण्यांस मजूर मिळावेत अशा बेताने, बसविली गेली. भोवती काटेरी तार, दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जावयास परवाना. मुलांस आईबापांचे वळण लागू नये म्हणून त्यांस वेगळ्या वसतिगृहांत ठेवीत. या कामावर ओ. एच. बी. स्टार्ट हे अधिकारी होते. ते कळकळीचे गृहस्थ होते व आपण या लोकांचे भले करीत आहो अशी त्यांची खात्री होती. आणि आम्ही हे झाकून ठेवू नये की सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था काही वर्षे आमच्या मिशनच्या लोकांकडेच होती. तेथे शाळा झाली, दवाखाना झाला, पुष्कळ मुले अक्षरओळख करून घेऊन मार्गास लागली. तरीही तार ती तारच. 1952 च्या ऑगस्टात कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु सोलापुरात सेटलमेंट हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, व ते उच्चारताना कित्येक म्हाताऱ्यांच्या मुद्रा बदलतात.

कोणी म्हणेल, भिंत केडगावासही होती. होय, होती. पण दोहोंत भेद आहे. केडगावची भिंत बाहेरच्या लांडग्यांस आत येऊ न देण्यासाठी बांधलेली होती. सोलापूरची तार आतल्या माणसांस बाहेर जाऊ न देण्यासाठी ओढलेली होती. केडगावास जी मुलगी आली तिचे घर दुष्काळाने मोडले होते. तारेच्या आत जे मूल वेगळे काढले त्याची आई हाकेच्या अंतरावर गिरणीत राबत होती. हा भेद मोठा आहे. तथापि पहिली भिंत केव्हा दुसरीसारखी होते हे आत बसलेल्या चालकास कळत नाही, कारण दोन्ही ठिकाणी त्याचा हेतू चांगलाच असतो.

रमाबाईंची शेवटची वर्षे शास्त्राच्या भाषांतरात गेली. खेड्यातील साध्या बाईस वाचून समजावे अशा मराठीत ते व्हावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनातल्या मुलींनी केले. 1912 साली त्यांनी व मनोरमाबाईंनी सोलापूरच्या पलीकडे, तेव्हाच्या निजाम संस्थानातील गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढली. 1919 साली सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई मिरजेस वारल्या. जिच्या धर्मशिक्षणासाठी आईने परक्या देशात एकटीने वाद घातला, ती मुलगी पुढे स्वखुशीने आईचा उजवा हात झाली होती. ती गेल्यावर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या भाषांतराचे संपूर्ण पुस्तक 1924 साली छापून निघाले. मुक्तिसदन आजही उभे आहे.

आता आमच्या उपदेशक व शिक्षक बंधुभगिनींस काही शब्द. जून महिना आला की गावोगावची मुले बोर्डिंगास पाठविण्याची घाई सुरू होते. मागे एका खेड्यात आम्ही मुक्कामास असता एक विधवा भेटावयास आली. तिचा मुलगा कोणी सांगितल्यावरून दूरच्या एका वसतिगृहात गेला होता. तिने कागदावर अंगठा दिला होता. कागदात काय होते ते तिला कोणी वाचून दाखविले नव्हते. दोन वर्षे पत्र नव्हते. ती आमच्याकडे पैसे मागावयास आली नव्हती. मुलगा आता केवढा झाला असेल, एवढेच ती आम्हांस हाताने उंची दाखवून विचारीत होती. आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे शोध लागून मायलेकरांची भेट झाली, पण पोरगा आईशी परक्यासारखा बोलला.

असे आपल्या हातून होऊ नये. हल्ली कायदाही हेच सांगतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे निराधार मुलास जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, संस्था नोंदलेली असावी लागते, आणि मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावयाचा असतो. आधी आईबाप, मग नातलग, मग दुसरे कुटुंब. गरिबी हे मूल आईपासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्या आईस दोन पायलींची मदत दिली असता मूल घरी राहू शकते तिला ती मदत करावी. मूल उचलून नेणे सोपे असते म्हणून ते करू नये. मुलास पाठविणे भागच पडले तर त्याचे नाव, गाव, आईबाप, नातलग यांची नोंद स्वच्छ अक्षरात आपल्या वहीत ठेवावी, कागद वाचून दाखवावा, सणावारी व सुटीत मूल घरी येते की नाही ते पाहावे, आणि आई परत मागू लागली तर तिला उपकारांची यादी वाचून दाखवू नये.

मुलाच्या धर्माविषयीही तेच. भाकरीच्या मोबदल्यात विश्वास घेऊ नये. प्रभूने भुकेल्या लोकसमुदायास भाकर दिली तेव्हा कोणाचीही मते विचारली नाहीत, आणि पुष्कळ जण खाऊन निघून गेले तेव्हा त्यांस अडविले नाही. पुण्यात पंचवीस मुली सदनाच्या पायऱ्या उतरून गेल्या त्या दिवशी रमाबाई दारात उभ्या राहून काय बोलल्या असतील हे आम्ही सांगू शकत नाही. पण त्यांनी दार लावले नाही. सोलापुराहून पुण्यास जाताना दौंड मागे पडले की थोड्या वेळाने केडगाव स्टेशन येते. आमच्यापैकी जो कोणी त्या रस्त्याने जाईल त्याने क्षणभर खिडकीबाहेर पाहावे, आणि आपल्या गावातून दूर गेलेल्या एखाद्या मुलाचे नाव घेऊन त्याची खबर घेण्याचा निश्चय करावा.